अहंकाराचा कोपरा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, खुर्च्यांमधल्या वाटा भरल्या, आणि उशिरा आलेली मंडळी खिडक्यांच्या कठड्यांवर एकमेकांना धरून उभी राहिली. सगळ्यांची नजर मंचावर बसलेल्या एका म्हाताऱ्या पोस्टमनच्या तोंडाकडे लागली होती. पोस्टमनने आ वासला होता, त्याच्या गालात एक छोटा कॅमेरा घातला होता, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर तो गाल आतून, दरवाजाएवढा, लालबुंद दिसत होता. त्या गालावर नखाएवढी, वर्खासारखी पातळ, चकाकणारी एक पत्री चिकटलेली होती.

"निळी!" सूक्ष्मबाबा म्हणाले. "निळी म्हणजे काय? रोग आत आहे. आता कोणी खोकू नका."

कोणी खोकलं नाही. पडद्यावरच्या पत्रीच्या कडा फिकट झाल्या, मग पिवळसर, आणि बघता बघता सगळी पत्री सोन्यासारखी झळकायला लागली.

"सुटला!" बाबांनी दोन्ही हात वर फेकले.

"सुटला!" सभागृह गरजलं. रोग सुटला. पोस्टमनने तोंड मिटलं, काठी तिथेच ठेवली आणि मंचाच्या तीन पायऱ्या कोणाचाही आधार न घेता उतरून दाखवल्या. ही त्याची चौथी पत्री होती. टाळ्या थांबेनात.

शेवटून तिसऱ्या रांगेत एका बाईचे हात मात्र टाळीसाठी उठले नव्हते. निळा, फिका, पिवळा, सोनेरी, असं ती ओठातल्या ओठात पुटपुटत होती. रंगांचा हा क्रम तिला स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ होता. कामाच्या ठिकाणी सगळे तिला थरवाली म्हणत. घरी मामा शंकासुर म्हणायचा, कारण लहानपणी तिने दुधात पाणी किती आहे हे दूधवाल्यासमोरच मोजायला घेतलं होतं.

थरवाली एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेवर ठेवायची एक पत्री तिथे तयार होत होती. खाली औषधाचा थर, आणि त्यावर इतक्या पातळ थरांचं झाकण की शंभर थर रचले तरी डोळ्याला दिसायचे नाहीत. झाकण नीट जमलं तर औषध सात दिवस थोडं थोडं झिरपतं. नाही जमलं तर तडे जातात आणि सात दिवसांचं औषध तासाभरात बाहेर येतं. थरवालीचं काम म्हणजे पट्ट्या या भांड्यात बुडवायच्या, धुवायच्या, त्या भांड्यात बुडवायच्या. दिवसभर. त्या प्रयोगशाळेत सकाळी 'कशी आहेस' विचारायच्या आधी लोक 'सुटला का?' विचारत. म्हणजे डोस सुटला का, आणि किती वेळात.

म्हणून 'सुटला!' ऐकल्यावर ती दचकली, आणि मग स्वतःवरच हसली. शब्द काय, कोणीही वापरतो.

"केस घ्या एक," बाबा आता रंगात आले होते. "तुमच्या डोक्यावरचा. टक्कल असेल तर शेजाऱ्याचा घ्या, विचारून घ्या. त्याच्या उभ्या लाख चिरफळ्या करा. त्यातली एक चिरफळी म्हणजे सूक्ष्म! आता सांगा, रोग कुठे राहतो?"

"सूक्ष्मात!"

"आणि डॉक्टर काय देतो? ही एवढी गोळी! स्थूल! अहो, मुंगीच्या बिळात हत्ती पाठवला तर मुंगी सापडेल का? बिळाचं वाटोळं होईल! म्हणून मी म्हणतो, सूक्ष्म घेताय ना, मग स्थूल बंद. गोळ्या बंद, सुया बंद. स्थूल सूक्ष्माची वाट अडवतं."

तिला इथे घेऊन आलेल्या मामीने शेजारी मान डोलावली. थरवालीने तिच्याकडे वळून पाहिलं. मामाला साखरेचा आजार होता आणि दोन वेळा सुई होती.

"आणखी एक," बाबांनी चिमट्यात धरून एक पत्री कॅमेऱ्यासमोर आणली. "नीट बघा. कोपरे किती? तीन. चौथा कुठे गेला? तो अहंकाराचा कोपरा! तुम्हाला देण्याआधीच मी तो साधनेने कापून टाकतो. एकेका पत्रीचा!"

लोक गहिवरले. थरवाली मात्र खुर्चीत ताठ झाली. पडद्यावर दारं-खिडक्यांएवढी मोठी झालेली ती पत्री होती, आणि तिचा उजवीकडचा वरचा कोपरा तिरपा कापलेला होता. तो कोपरा साधनेने कापलेला नव्हता. तो कात्रीने कापलेला होता. प्रयोगशाळेत जी पत्री नापास होते तिचा उजवा वरचा कोपरा कापतात, चांगल्या मालात मिसळू नये म्हणून. आणि ते कापायचं काम गेली तीन वर्षं थरवालीकडेच होतं.

*

मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. आई-वडील गेल्यावर थरवाली त्याच खोलीत, त्याच बाकाच्या कडेला बसून अभ्यास करून मोठी झाली होती. दोन वर्षांपूर्वी सांध्यांच्या सुजेने मामाची बोटं आखडली. चिमटा धरता येईना. कोणी घड्याळ घेऊन आलं की तो "कारागीर गावाला गेलाय" म्हणून परत पाठवायचा, आणि गिऱ्हाईक वळलं की भिंतीकडे तोंड करून बसायचा.

दुसऱ्या दिवशी थरवाली गेली तेव्हा तो बाकावर वाकून बसला होता. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि चिमट्यात डाळीएवढं एक चाक.

"ये शंकासुर! बघ," त्याने चाक जागेवर बसवलं आणि बोटं उघडून, मिटून दाखवली. "दोन वर्षांनी बसवलं हे. माझ्या हातांनी!"

त्याचा चेहरा बघून तिला एकदम रडू आलं. आनंदाने आलं, आणि लगेच भीतीनेही. मामाचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला होता. बाकाखाली पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या होत्या.

"मामा, सुई घेतोस ना?"

"चार आठवडे झाले, सोडली." तो सहज म्हणाला. "गरजच नाही. काय ताकद आलीये म्हणून सांगू! भूक लागते, झोप नको वाटते. मामीला विचार, तिला जेवण पुरवताना नाकी नऊ आलेत."

"मशीन कुठाय? साखर बघू."

"बघ की!" मामाने खुशाल बोट पुढे केलं. मशीनने चारशे बारा दाखवले. मामाने मशीन हातात घेतलं, कानाशी हलवलं आणि म्हणाला, "सेल गेलाय याचा."

"मामा!"

"मग बिघडलंय. यंत्रं बिघडतात, माझा धंदाच आहे तो."

"त्या पत्रीत काय आहे हे मला कळतंय असं वाटतंय," ती सावकाश म्हणाली. "ती आमच्याकडची असावी. तो बाबा..."

"एक सांग," मामाने भिंग उतरवलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तिला तो जास्त लागला. "माझी बोटं उघडली, हे खोटं आहे का?"

"नाही. बोटं खरी आहेत. बाबा खोटा आहे."

"मला बाबाशी काय करायचंय? तुला एवढं समजतं, मग दोन वर्षं तू काय केलंस माझ्या बोटांसाठी?"

थरवाली पिशवी उचलून निघाली. जाताना जिन्यापाशी मामीने तिच्या हातात कागदात गुंडाळलेली एक पत्री कोंबली. "तूही घे गालात, मामा घेतो तशी, दर दोन दिवसांनी एक. शंका जाईल."

*

शंका गेली नाही, वाढली. प्रयोगशाळेत तिने ती पत्री भिंगाखाली ठेवली. झाकणाला तडे होते. मग तिने पत्री पाण्यात सोडली आणि ते पाणी तपासणीच्या यंत्रात घातलं. यंत्राने जो आलेख काढला तो तिने शेकडो वेळा पाहिला होता. सूज उतरवणारं स्टेरॉइड. त्यांचंच.

एका तासात सगळं सुटलेलं. एका माणसाला सात दिवस, तेही डॉक्टरच्या नजरेखाली द्यायचं औषध, मामा दर दोन दिवसांनी तासाभरात गिळत होता. म्हणून सूज उतरत होती, म्हणून बोटं उघडत होती, म्हणून भूक आणि म्हणून ती ताकद. आणि म्हणूनच साखर गगनाला भिडली होती, वर सुईही बंद.

पण नापास पत्र्या बाहेर गेल्या कशा? त्या एका पेटीत भरून जाळायला जात. तिला पहिला संशय आला भांडारवाल्यांचा. पेटी त्यांच्या ताब्यात असे, नवी मोटारसायकलही त्यांनी अलीकडेच घेतली होती. मग झाडूवाल्या मावशींचा. मग प्रयोगशाळाप्रमुख मॅडमचाही, कारण मॅडम हल्ली फोन आला की बाहेर जाऊन बोलत. दिवसभर ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि प्रत्येकाचं तोंड तिला चोराचं दिसायला लागलं.

शेवटी ती भांडारात गेली आणि वळणं न घेता म्हणाली, "काका, नापास माल जातो कुठे?"

"जाळायला."

"नक्की?"

भांडारवाले काका चिडले. चिडून त्यांनी वही काढली आणि टेबलावर आपटली. "माझ्यावर संशय? हे घे. पेटी भरली, सही. पेटी दिली, सही. 'समक्ष नष्ट केले', सही. वाच कोणाची आहे ती!"

तिने वाचलं. 'समक्ष नष्ट केले' या रकान्यात दर आठवड्याला एकच सही होती, वळणदार आणि ठसठशीत. सही तिची स्वतःची होती.

जाळणाऱ्या कंत्राटदाराची गाडी शनिवारी यायची. शनिवारी थरवालीला सुट्टी. म्हणून ती शुक्रवारीच, घरी निघताना, उद्याच्या रकान्यात सही करून ठेवायची. तिच्या आधीचा तंत्रज्ञही तसंच करायचा. तिला कामाची ओळख करून देताना त्यानेच शिकवलं होतं, "इथे आणि इथे, दोन्हीकडे करून टाक, म्हणजे शनिवारी फोन येत नाही." तीन वर्षांत नष्ट होणारी एकही पत्री तिने पाहिली नव्हती. आणि समक्ष म्हणून सही ठोकली होती.

"सगळेच करतात," काका आता नरमले. "त्यात काय एवढं."

तिने फोनवर त्या सभेचा फोटो उघडून त्यांच्यासमोर धरला. बाबांच्या मागे पांढऱ्या कपड्यात एक जाडा माणूस स्टीलची पेटी घेऊन उभा होता. बाबा त्याला सेवक म्हणत.

काकांनी चष्मा सरकवला. "अगं, हा तर आपला शनिवारवाला! गाडी घेऊन येतो तो. इथे काय करतोय? आणि पांढऱ्या कपड्यात?"

मॅडमना तिने सगळं सांगितलं, सहीसकट. मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "तक्रार करूच आपण. पण रीतसर. चौकशी होईल, महिना-दोन महिने लागतील. तोपर्यंत बाहेर बोलू नकोस. तुझ्याच सह्या आहेत गं त्या, पहिली तूच अडकशील."

"मॅडम, रविवारी ते पुन्हा वाटणार आहेत. माझ्या मामाची साखर चारशेवर आहे."

मॅडमनी तक्रारीचा कोरा फॉर्म तिच्याकडे सरकवला. त्यांचाही नाइलाज दिसत होता, पण तो कागदाचा नाइलाज होता. थरवालीने तिथेच कागद घेऊन स्वतःच्या सह्यांची हकिगत लिहून दिली, एक प्रत पोलीस चौकीत नेऊन दिली, आणि चौकीतल्या फौजदाराला म्हणाली, "रविवारी अकरा वाजता या. बसायला जागा मिळणार नाही, पण या."

*

रविवारी ती पहिल्या रांगेत बसली. मामा आणि मामी तिच्यामागे. मामा तिच्याशी आठवडाभर बोलला नव्हता.

"आज कोण?" बाबांनी विचारताच ती उठली आणि मंचावर गेली.

"काय त्रास, ताई?"

"शंकेचा."

लोक हसले. बाबाही हसले, मोठ्या मनाचे होते ते, निदान कॅमेऱ्यासमोर. "सूक्ष्माला शंकेचंही वावडं नाही! सेवका, पत्री."

शनिवारवाल्याने पेटीतून पत्री काढून दिली. थरवालीने ती गालात ठेवली नाही. बाबांसमोर कोमट पाण्याचा पेला होता, तिने पत्री त्यात टाकली आणि पेला उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. पडद्यावर पत्री आधी निळी दिसली. मग कडा फिकट झाल्या. मग पिवळसर. आणि मग ती सोन्यासारखी झळकली.

"सुटला!" सवयीप्रमाणे सभागृह गरजलं.

आणि एकदम गप्प झालं.

"पाण्याला काय आजार होता हो, महाराज?" थरवालीने विचारलं. खिडकीतून कोणीतरी फिसकन हसलं.

"पत्रीवर एक झाकण आहे," ती लोकांकडे वळली. "साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना? फुग्यात रंग कोणी घालत नाही. पातळपणामुळे ते दिसतात. जाडी बदलली की रंग बदलतो. हे झाकण ओलं झालं की फुगतं, जाड होतं आणि निळ्याचं सोनेरी होतं. तुमच्या गालात झालं काय आणि पेल्यात झालं काय, सारखंच. आणि हा कोपरा. हा अहंकाराचा नाही. नापास मालाचा आहे. तो मी कापते, कात्रीने, गुरुवारी. हा माल जाळायला जायचा. तो जळला असं मी न बघता सही करून देत होते, आणि हे सेवक तो पळवत होते. चूक माझी आहे. पण तुमच्या पोटात जातंय ते स्टेरॉइड आहे, सात दिवसांचं एका तासात!"

आता लोक उसळतील, असं तिला वाटलं होतं. बाबा मात्र क्षणभरच चपापले. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि चक्क तिच्या पायाशी वाकले.

"ऐकलंत? माउलींनो, ऐकलंत? मी बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, बाबा फुशारकी मारतो! आज प्रयोगशाळा स्वतः चालत आली आणि साक्ष देऊन गेली! हे औषध आहे, खरं औषध आहे, मोठमोठ्या यंत्रांवर बनलेलं! कंपनी ते जाळत होती हो, जाळत! गरिबांच्या तोंडचं! मी ते वाचवून तुम्हाला दिलं, हा माझा गुन्हा!"

सभागृहात कुजबुज उठली आणि तिचा गलका झाला. "म्हणजे खरंच औषध आहे!" "तरीच गुडघा थांबला!" "जाळतात म्हणे, बघा!" पुढच्या रांगा उठल्या. पेटीकडे हात पसरले गेले. मघापर्यंत ओळीत बसलेली माणसं आता पेटी संपायच्या आत पत्री मिळावी म्हणून एकमेकांना कोपराने ढकलत होती. थरवाली ओरडत होती, पण तिचं कोणी ऐकत नव्हतं. चमत्कार होता तोवर लोक रांगेत तरी होते. औषध आहे म्हटल्यावर रांगही मोडली. आपण मदत कोणाला केली, असं तिला वाटलं.

"मला एक विचारायचंय," कोणीतरी म्हणालं.

आवाज मोठा नव्हता. पण तो माणूस मंचाच्या पायऱ्या चढत होता आणि चढताना त्याने कठडा घट्ट धरला होता. मामा होता तो. त्याने माईक हातात घेतला. बोटं अजून चांगली चालत होती.

"मी घड्याळवाला. माझी बोटं महाराजांनी उघडली, इथे सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मी काही यांचा वैरी नाही." लोक थांबले. "पण घड्याळात मी एखादा भाग बदलला, तर गिऱ्हाईक विचारतं, भाग कुठला, किती दिवस चालेल, बंद पडलं तर काय करायचं. आणि मला सांगावं लागतं. महाराज, आता तुम्हीच म्हणालात हे औषध आहे. मग सांगा. एका माणसाने किती घ्यायचं?"

"भाव असेल तितकं," बाबा म्हणाले.

"किती दिवस?"

"श्रद्धा ठेवा."

"साखर असेल तर घ्यायचं की नाही?"

बाबांनी शनिवारवाल्याकडे पाहिलं. शनिवारवाला दाराकडे बघत होता.

"श्रद्धा," बाबा पुन्हा म्हणाले, "श्रद्धेला साखर..."

"श्रद्धा ठेवली होती," मामा म्हणाला. तो खुर्चीवर बसला, बूट काढला आणि मोजा ओढला. "बारा दिवसांपूर्वी इथे साधा फोड आला. मला दुखलं नाही, म्हणून कोणाला बोललो नाही. वाटलं, एवढी ताकद आलीये, फोड काय करणार. गेल्या आठवड्यात भाचीसमोर मी मशीनला खोटं ठरवलं. या पायाला कसं ठरवू?"

कॅमेरा चालूच होता. पडद्यावर मामाचा पाय आला, दरवाजाएवढा. दोन बोटं काळी पडली होती.

पुढच्या रांगेतल्या बाईने तोंडावर पदर धरला. पेटीकडे गेलेले हात एकेक करून मागे आले. म्हाताऱ्या पोस्टमनने गालातली पत्री काढून हातरुमालात टाकली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मलाही साखर आहे."

"पाय दाखवायला लाज वाटत होती," मामा माईक खाली ठेवता ठेवता म्हणाला. ते मशीनवरचं चारशे बारा त्याला आधीपासून पटलेलं होतं, हे थरवालीला तेव्हा कळलं.

शनिवारवाल्याने पेटीला हात घातला तेव्हा त्याला आढळलं की पेटीवर मामी बसली आहे. दोन्ही हात मांडीवर, पाय खाली रोवलेले. "उठणार नाही," मामी म्हणाली. "इतके आठवडे मीच याला हाताला धरून इथे आणलं. आता फौजदार येईपर्यंत मी इथेच." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

फौजदार दाराशीच उभा होता. त्याला खरोखरच बसायला जागा मिळाली नव्हती. बाबांना आणि शनिवारवाल्याला घेऊन तो गेल्यावर थरवालीने पुन्हा माईक घेतला, पण भाषणासाठी नाही. "ज्यांनी ज्यांनी पत्र्या घेतल्यात त्यांनी हे औषध मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही जिवावर बेतू शकतं. आत्ता इथून सरळ दवाखान्यात जा. आणि बंद केलेली गोळी-सुई कोणती, ते डॉक्टरांना सांगा. लाजू नका." मग तिने मामाला एका बाजूने धरलं, मामीने दुसऱ्या.

*

मामाच्या पायाची दोन बोटं गेली. पाय वाचला. हाताची बोटं मात्र, स्टेरॉइड हळूहळू उतरवत नेल्यावर, पुन्हा आखडायला लागली. त्यावर वेगळं औषध सुरू झालं आहे, सावकाश काम करणारं, आणि ते किती काम करेल हे डॉक्टर आताच सांगत नाहीत. ज्याला माहीत नाही तो 'माहीत नाही' म्हणतो, एवढं मामाला हल्ली आवडतं.

थरवालीची चौकशी झाली. दोन महिने पगाराविना घरी बसली, आणि ते बरोबरच होतं असं ती म्हणते. तिने गावभर सगळ्यांच्या तोंडाकडे संशयाने पाहिलं होतं, फक्त स्वतःच्या सहीकडे पाहिलं नव्हतं. न बघता 'पाहिलं' म्हणणं म्हणजे सभागृहात बसून 'सुटला' ओरडण्यासारखंच होतं. फरक एवढाच की तिच्या ओरडण्यावर शिक्का होता.

आणि तुम्ही हे वाचताय म्हणून सांगायचं ते सरळ सांगते ही गोष्ट. पत्री खोटी नव्हती. ती बनवणारं शास्त्र खरं आहे, आणि एक दिवस ती जखमी जबड्यांना आराम देईलच. खोटं होतं ते हे, की तिच्याबद्दल प्रश्न विचारायची गरज नाही. चमत्कार म्हणून कोणी काही दिलं तर विचारा. शास्त्र म्हणून दिलं तरी विचारा. काय आहे, किती घ्यायचं, किती दिवस, कोणी घेऊ नये, उलटलं तर जबाबदार कोण? ज्याला उत्तर येतं तो चिडत नाही. जो चिडतो, हात जोडतो किंवा श्रद्धेकडे बोट दाखवतो, त्याच्या हातचं पाणीही तपासून घ्या.

दवाखान्यातून सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई घाईत होत्या. बाहेर रांग लागली होती. मामाने नव्या औषधाची चिठ्ठी हातात घेतली, भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कशासाठी?"

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग स्टूल ओढलं, त्याच्यासमोर बसल्या आणि सांगायला सुरुवात केली.